सिम्प्लेक्स शिकतोयस? आधी छाया-किंमत समजून घे

सिम्प्लेक्स म्हणजे मर्यादित साधनांतून जास्तीत जास्त फायदा काढायची, तक्ते भरत जायची गणिती रीत. गणितज्ञ डँट्झिगने १९४७ साली मांडलेली ही पद्धत हाताने दोन-तीनदा कर, मग सरळ सॉल्व्हर, म्हणजे असे प्रश्न सोडवणारं सॉफ्टवेअर, वापर. तक्ते भरण्यात हुशारी नाही, प्रश्न मांडण्यात आहे.

दिवाळीच्या फराळाचंच घे. चकलीच्या एका घाण्याला कढईचा १ तास, माणसाचे २ तास लागतात आणि मजुरी न धरता ५०० रुपये सुटतात. शंकरपाळ्यांना दोन्हींचा १-१ तास, सुटतात ३००. हाताशी कढईचे ४० तास, माणसांचे ६०. नवशिका म्हणतो, चकलीत जास्त सुटतात, चकल्याच करा! ३० घाणे, १५,००० रुपये, आणि कढई १० तास रिकामी. २०-२० घाणे केले तर १६,०००.

पण खरी गंमत पुढे आहे. माणसाचा एक तास वाढव: २१ चकली, १९ शंकरपाळे, १६,२००. म्हणजे त्या जादा तासाने वाढलेली कमाई, त्याची छाया-किंमत, २०० रुपये. मदतनीस तासाला १२० मागत असेल तर डोळे झाकून कामावर ठेव. पण माणसांचे एकूण ८० तास होईपर्यंतच. त्यापुढे कढईच अडते, जादा माणूस नुसता बसून राहतो. ही मर्यादा सॉल्व्हरच्या संवेदनशीलता अहवालात, म्हणजे आकडे बदलले तर काय होईल ते सांगणाऱ्या पानावर, छापलेली असते, आणि बहुतेक जण ते पान उघडतच नाहीत.