वाचक विचारतात : गेमचे पैसे परत मिळतात का?

प्रश्न : दादा, मी घणसोलीला राहतो, इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे. दिवाळीला आजोबांनी दिलेल्या पैशातून एका ऑनलाइन स्टोअरवरून २,४९९ चा गेम घेतला, लॅपटॉपवर अडकत अडकत चालतो, सेटिंग कमी करून बघितल्या, शेडर (गेमचं चित्र दाखवणाऱ्या फाइली) तयार व्हायलाच अर्धा तास गेला, मग आईने हाक मारली म्हणून गेम तसाच चालू ठेवून दळण आणायला गेलो. रिफंड मागितला तर म्हणे २ तास ५० मिनिटं खेळलात. खेळलो कुठे मी? पैसे गेले का?

उत्तर : अरे, तुझं वाईट वाटणं अगदी साहजिक आहे. स्टीम आणि एपिक या गेम विकणाऱ्या दोन्ही ऑनलाइन स्टोअरकडे साधारण नियम एकच, घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत मागायचं आणि खेळलेला वेळ २ तासांपेक्षा कमी हवा. पण हा वेळ म्हणजे गेम उघडल्यापासून बंद करेपर्यंतचा, तू दळणाच्या रांगेत असलास तरी रिक्षाच्या मीटरसारखा तो पुढे जातच राहतो. म्हणून नवा गेम घेतला की पहिले २ तास फक्त तपासायला ठेव, घरचं काम निघालं तर आधी गेम बंद कर.

तरीही एकदा परत अर्ज कर. नियमात बसत नसलं तरी विनंती पाठवा, आम्ही बघू, असं स्टीमने स्वतःच लिहून ठेवलंय. लॅपटॉपचं कॉन्फिगरेशन आणि नक्की काय अडकतं ते नीट लिही, नुसतं 'आवडला नाही' नको. गॅरंटी नाही, पण गप्प बसण्यापेक्षा बरं. आणि घेतल्यावर दोन दिवसांत सेल लागला तर रिफंड घेऊन सेलच्या भावात परत घेतलेलं स्टीमला चालतं, हे कितीतरी जणांना माहीतच नसतं.

ही सोयसुद्धा सहज मिळालेली नाही बरं का. स्टीमचा आत्ताचा रिफंड नियम जून २०१५ चा, त्याआधी २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने स्टीमची कंपनी वॉल्व्हला कोर्टात नेलं होतं आणि पुढे ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. जीओजी हे दुसरं ऑनलाइन स्टोअर तर खेळलेल्या गेमवरही रिफंडसाठी ३० दिवस देतं. प्लेस्टेशनवर मात्र जपून, गेममध्येच दोष नसेल तर डाउनलोड सुरू केलं की रिफंड विसरायचा.

प्रश्न : ठाण्याला कोलशेतला राहते. मुलाने पैसे भरून गेम घेतलाय, एकट्यानेच खेळायचा आहे, तरी नेट गेलं की उघडतच नाही. विकत घेतलेली वस्तू अशी कशी?

उत्तर : ताई, खरं सांगायचं तर ती वस्तू विकत मिळालेलीच नाही, वापरायचं लायसन्स मिळालंय. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचं, आणि २०२४ पासून स्टीम पैसे भरायच्या आधी तशी सूचना दाखवतं. चोरून कॉपी होऊ नये म्हणून कंपन्या गेमला कुलूप लावतात, त्याला डीआरएम म्हणतात. काही कुलपं पहिल्यांदा उघडताना नेट मागतात, काही दर वेळी. कष्टाने बनवलेला गेम फुकट कोणी उचलू नये हे मलाही पटतं, पण त्याचा जाच पैसे भरणाऱ्या पोरालाच व्हावा हे मला अजिबात मान्य नाही. 'द क्रू' हा गेम लोकांनी पैसे देऊन घेतला होता, त्याची कंपनी युबीसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि तो एकट्याने खेळायचीही सोय उरली नाही.

पुढच्या वेळी मुलाला सांगा, स्टीमवर गेमच्या पानावर उजवीकडे बघ, डेनुवोसारखं दुसऱ्या कंपनीचं कुलूप असेल तर सहसा तिथे लिहिलेलं असतं. किंवा तोच गेम जीओजीवर मिळतो का बघा, तिथे कुलूप नसतं, इन्स्टॉलर, म्हणजे गेम बसवायची फाइल, हार्ड डिस्कवर उतरवून ठेवायचा, मग नेट असो नसो.