राजकीय थरार आणि प्रेमकथा एकाच सिनेमात कशी बसवायची?

तुम्ही विचारलंय की भंडाऱ्याकडच्या एका गावावर सिनेमा लिहायचाय, त्यात राजकीय थरारही हवा आणि प्रेमकथाही, पण लिहायला बसलं की दोन वेगळे सिनेमे होतात. एक थांबतो तेव्हा दुसरा सुरू होतो. मी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात, नाटकं लिहितो. आमच्याकडे रात्रभर चालणाऱ्या नाटकात पुढारीही लागतो आणि प्रेमही लागतं, त्यामुळे हा पेच रोजचा आहे. माझं उत्तर असं: प्रेमातलं गुपित आणि राजकारणातलं गुपित एकच असलं पाहिजे. ते उघड झालं की प्रेमही धोक्यात आणि खुर्चीही धोक्यात. दोन गुपितं ठेवली की दोन सिनेमे होणारच.

मणिरत्नमचा १९९८ चा 'दिल से' बघितला असेल तर पुन्हा बघा, फक्त या नजरेनं. आकाशवाणीचा अमर स्वातंत्र्याच्या ५० वर्षांनिमित्त मुलाखती घ्यायला ईशान्येकडे निघालेला. रात्रीचं सामसूम स्टेशन, वारा आणि पाऊस. फलाटावर शालीत गुरफटलेली मेघना. तो बडबडत राहतो, ती कितीतरी वेळ बोलतच नाही. शेवटी मागते काय, तर चहा. तो चहा घेऊन परत येतो तोवर तिची गाडी सुटलेली असते. पहिल्यांदा बघताना वाटतं, प्रेमकथा सुरू झाली. शेवट माहीत झाल्यावर तोच प्रसंग बघा. तिचं गप्प राहणं लाजणं नव्हतं, ती अतिरेकी गटाच्या कामगिरीवर निघाली होती. एकच प्रसंग दोन्ही बाजूंनी पुरा पडतो, त्यात वेगळं काहीच जोडावं लागत नाही. पुढं दिल्लीत ती त्याच्याच घरी येऊन राहते आणि तिला २६ जानेवारीला राष्ट्रपतींवर हल्ला करायचा आहे. आता तारीख जवळ येते तसं प्रेमही ताणलं जातं, कारण दोघांचं घड्याळ एकच आहे. एक मात्र सांगतो, अमर तिचा जसा पिच्छा पुरवतो तसा तुमच्या सिनेमात नको. गावात पोरीच्या मागं कोणी असं फिरलं तर तिसऱ्या दिवशी तिचं घराबाहेर पडणं बंद होतं, आणि त्यात प्रेम राहत नाही.

गुलजारांचा १९७५ चा 'आँधी' थरारपट म्हणता येणार नाही, पण तुमच्या कामाचा जास्त आहे, कारण त्यात निवडणूक आहे. पुढारी असलेली आरतीदेवी प्रचाराला येते आणि उतरते त्या हॉटेलचा मॅनेजर नेमका तिचा दुरावलेला नवरा. दोघं रात्री भेटतात. नवरा-बायकोनं भेटण्यात गुन्हा काय? काहीच नाही. पण हा नवरा आहे हे लोकांना ठाऊक नाही, आणि विरोधकांना तेवढंच पुरतं. आणीबाणीत या सिनेमावर बंदी आली आणि १९७७ मध्ये सरकार बदलल्यावर तो पुन्हा लागला.

आता तुमचं गाव. विदर्भ म्हटला की लिहिणारे एकतर शेतकऱ्याच्या आत्महत्येकडे जातात नाहीतर नक्षलवादाकडे. दोन्ही खरं आहे. पण ज्यानं ते जवळून पाहिलेलं नाही त्यानं नुसता रंग भरायला ते घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. थरार पाहिजे तर ग्रामपंचायतीत भरपूर आहे. सरपंचावरचा अविश्वास ठराव घ्या. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं तो आणता येत नाही, म्हणजे विरोधी पार्टी दोन वर्षं दिवस मोजत बसलेली असते. मग तहसीलदाराकडे नोटीस जाते आणि त्यानं सात दिवसांत विशेष सभा बोलवायची असते. हे तुमचं घड्याळ, कायद्यानंच बांधून दिलेलं. ठराव पास व्हायला तीन चतुर्थांश सदस्य लागतात, म्हणून एकेक सदस्य सोन्याच्या भावाचा होतो. त्याच रात्री त्यांना 'सहलीला' नेतात. देवदर्शन म्हणा, पचमढी म्हणा. गाडीत बसताना मोबाईल काढून घेतात.

समजा सरपंच बाई आहेत. वैनगंगेच्या काठावरून रात्री निघणाऱ्या रेतीच्या टिप्परला गावचा पांदण रस्ता, म्हणजे शेतांमधून जाणारी वाट, पाहिजे आणि बाईंनी तिथं जेसीबीनं आडवी चर खोदून ठेवली. झालं भांडणाचं कारण. समोरच्या गटातली सगळ्यात तरुण सदस्य, महिलांसाठी राखीव जागेवर काकानं उभी करून निवडून आणलेली पोरगी, तिचं आणि सरपंचबाईंच्या पोराचं जमलेलं आहे. ठरावाला तिचं एक मत कमी पडलं की सगळं कोसळतं. ती गाडीत बसते. मध्यरात्री कुठल्यातरी ढाब्यावर स्वयंपाकघरातल्या बाईचा फोन मागून घेऊन ती त्याला लावते. तो काय म्हणेल?

कुठं आहेस असं त्यानं विचारलं तर सिनेमा तिथंच साधा झाला. माझ्या डोक्यात तो म्हणतो, "कुठी हायेस ते मले सांगू नोको. सांगशीन त मले मायले सांगा लागन."

या एका वाक्यात दोन्ही सिनेमे आले. त्याला तिची जागा कळली तर आईची खुर्ची वाचते आणि पोरगी उघडी पडते. नाही कळली तर पोरगी वाचते आणि तो आईशी दगा करतो. ती मात्र फोन ठेवत नाही. तिथं कॅमेरा कुठंही हलवू नका. मागं कढईत काहीतरी तळलं जातंय, दारातून गाडीच्या ड्रायव्हरची पाठ दिसते, फोनवाली बाई हात पुसत तिच्याकडं बघते. बस.

शेवटाची सोयही कायद्यात आहे. थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध सदस्यांनी ठराव पास केला तरी विशेष ग्रामसभेत गावानं गुप्त मतदान करून त्यावर शिक्कामोर्तब करावं लागतं. म्हणजे पोरीनं काकासमोर हात वर केला असेल, पण ग्रामसभेत ती चिठ्ठीवर काय लिहिते हे काकाला कधीच कळणार नाही. पोरालाही नाही. प्रेक्षकाला दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी दाखवणार नाही.

गाण्यांचं विचारलंत. वडसा, ब्रह्मपुरी, साकोली या पट्ट्यात धान निघाल्यावर मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रेत, नाटकं लागतात तेव्हा गाण्याशिवाय प्रेक्षक बसत नाही, आणि त्यात गैर काही नाही. पण गाणं प्रेमाच्या सुटीसारखं वापरू नका. ती गाडी रात्रीची घाटातून चालली आहे, आतले सदस्य भजन म्हणताहेत, सगळ्यांना देवदर्शनाचं नाटक वठवायचंय, आणि ती पोरगीही टाळी वाजवतेय, असं गाणं ठेवा.

भाषणं कमीत कमी. पुढाऱ्याच्या तोंडी मोठी वाक्यं घातली की टाळ्या मिळतात, हे मी रंगमंचावर बघतो, पण पडद्यावर त्यानं भीती कमी होते. आमच्याकडचा खरा पुढारी धमकी देताना आवाज चढवत नाही. ओसरीत बसतो, चहा घेतो, पोरीच्या बापाला विचारतो, "धानाचे चुकारे आले का रे भाऊ?" चुकारे म्हणजे विकलेल्या धानाचे पैसे. ते कोण अडवू शकतो, हे बापाला समजतं.

लिहायला बसण्याआधी एखाद्या निवृत्त ग्रामसेवकाला गाठा. नोटीस कोण नेऊन देतो, सभेत कोण कुठं बसतं, हात मोजताना काय गोंधळ होतो, हे तो तासभरात सांगेल. मग ढाब्यावरचा फोन आधी लिहा आणि बाकीची पटकथा त्याच्या मागंपुढं लावत जा.