विचारा तर खरं : ‘उना कान्या’ आणि फेसाची दोन बोटं

२८ ऑक्टोबर २०२४ रोजी बडोद्यात सी-२९५ विमानांच्या जोडणीच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, तेव्हा भारताचे आणि स्पेनचे असे दोन्ही पंतप्रधान शहरात होते. एकूण ५६ विमानांपैकी १६ स्पेनमधल्या सेवियाहून तयार होऊन यायची आणि ४० इथे जोडायची, असा तो करार. आपण ज्याला सेव्हिल म्हणतो तेच हे सेविया. स्पॅनिशबद्दलची पत्रं तेव्हापासून वाढली आहेत आणि त्यांतली बरीचशी, दारूबंदीच्या राज्यातून येत असूनही, बियर कशी मागायची याबद्दल आहेत. या वेळी तीच घेतो. स्पॅनिश शब्द सेवियातल्या उच्चारांप्रमाणे लिहिले आहेत.

प्रश्न : प्रशिक्षणासाठी तीन महिने सेवियाला जायचं आहे. पुस्तकात ‘किस्येरा उना सेर्बेसा’ (मला एक बियर हवी होती) असं वाक्य दिलं आहे. तेवढं पुरेल का? (मांजलपूर)

वाक्य शुद्ध आहे, बियरही मिळेल. पण काउंटरवर ते ‘मला एक चहा मिळाल्यास बरं होईल’ असं टपरीवर म्हटल्यासारखं ऐकू येतं. तिथे रोज कानावर पडतं ते ‘मे पोनेस उना कान्या?’, म्हणजे मला एक छोटा ग्लास बियर देतोस का. पोनेर म्हणजे ठेवणं, घालणं. ‘पोनेस’ हे तू-चं रूप आहे आणि स्पेनच्या बारमध्ये ते उद्धट मानत नाहीत. वेटर वयस्कर असेल किंवा हॉटेल जरा झकपक असेल, तर ‘मे पोने’ म्हणा, ते तुम्ही-चं रूप. शेवटी ‘पोर फावोर’ जोडा. गर्दी असेल तर ‘क्वान्दो प्वेदास’, म्हणजे सवडीनं. हे दोन शब्द कृपयापेक्षा जास्त काम करतात.

चूक होते ती इंग्रजीवरून भाषांतर करताना. ‘प्वेदो तेनेर उना सेर्बेसा’ हे तसलंच वाक्य. तेनेर म्हणजे जवळ असणं, त्यामुळे बियर बाळगण्याची परवानगी मागितल्यासारखं होतं. मराठीवरून गेलात तर वाट जवळची आहे. ‘मला एक बियर देतोस का?’ याचं शब्दाला शब्द ‘मे दास उना सेर्बेसा?’ होतं आणि ते चालतं. ‘मला बियर आवडते’ याचं ‘मे गुस्ता ला सेर्बेसा’, तेही आपल्यासारखंच : आवडणारी वस्तू कर्ता, मी नुसता ‘मला’. वस्तू अनेक झाल्या की ‘आवडतात’ होतं, तसं तिथे ‘गुस्तान’.

आता मुख्य गोष्ट. नुसती ‘सेर्बेसा’ मागू नका, माप मागा. आपण ‘कटिंग’ म्हणतो तेव्हा चहा हा शब्द उच्चारावाच लागत नाही, तसंच हे. पर्यटकांच्या चौकात बाहेरच्या टेबलावर बसून नुसती ‘सेर्बेसा’ म्हणाल तर अर्ध्या लिटरचा मग समोर येऊ शकतो, आणि बिलही त्याच मापाचं.

कान्या म्हणजे नळाची, अर्थात ड्राफ्ट बियर, साधारण २०० मि.ली. माप बारगणिक थोडं पुढेमागे होतं. मूळ शब्दाचा अर्थ बोरू, वेत. बाटलीत हवी असेल तर दोन मापं आणि दोन्हींचं गणित नावातच आहे : किन्तो म्हणजे पाचवा हिस्सा, लिटरचा पाचवा भाग, २०० मि.ली.; तेर्सियो म्हणजे तिसरा हिस्सा, ३३० मि.ली. सेविया-माद्रिदकडे किन्तोला बोतेयीन म्हणतात. बार्सेलोनाकडे तेर्सियोला मेद्याना म्हणतात. तूबो हा उंच, सरळ, अरुंद ग्लास. खार्रा म्हणजे कानाचा मग, बहुधा अर्ध्या लिटरचा. माद्रिदला दोब्ले मिळतो, तो कान्याहून मोठा, पण नावाप्रमाणे बरोब्बर दुप्पट असेलच असं नाही. बास्क प्रांतात सुरीतो असतो, कान्याहूनही लहान, दोन-चार घोटांचा. लित्रोना ही लिटरची बाटली दुकानातून घरी न्यायची. ती रस्त्यावर बसून प्यायलात तर बऱ्याच शहरांत दंड होतो.

एवढीशी कान्या पाहून आपल्याकडच्या ६५० मि.ली.च्या बाटलीची सवय असलेल्याला फसवणूक वाटते. कारण हवेत आहे. सेवियात उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो. मोठ्या ग्लासातली बियर तळाशी पोचेपर्यंत कोमट होते, गॅस उडतो. म्हणून लहान ग्लास, लवकर संपवायचा, मग ‘ओत्रा’, म्हणजे आणखी एक. लिंग मात्र सांभाळा : कान्या स्त्रीलिंगी, म्हणून उना कान्या, ओत्रा, तेर्सियो पुल्लिंगी, म्हणून उन तेर्सियो, ओत्रो. ‘दुसरी’ आणि ‘दुसरा’ यात गोंधळ न करणाऱ्या मराठी माणसाला हे जड जाऊ नये.

सेवियाची घरची बियर क्रुसकाम्पो, १९०४ सालची. शहरातल्या क्रूस देल काम्पो या जुन्या क्रुसावरून तिचं नाव पडलं. हलकी आहे, ४.८ टक्के. ग्रानादाची आलाम्ब्रा रेसेर्बा १९२५ मात्र ६.४ टक्के आणि बार्सेलोनाची फोल-दाम ७.२ टक्के आहे. त्या तेर्सियोच्या हिशेबानं पिऊ नका.

प्रश्न : ‘सेर्बेसा’ की ‘थेर्बेथा’? (रावपुरा)

दोन्ही. माद्रिदकडे त्यातल्या ‘से’ आणि ‘सा’च्या जागी जीभ दातांमध्ये घेऊन हवा सोडतात. आपला ‘थ’ त्याच्या जवळचा, पण तोच नव्हे. आपण हवा अडवून सोडतो, ते अडवतच नाहीत. सेविया शहरात आणि सगळ्या लॅटिन अमेरिकेत सरळ ‘स’. लिहिताना ‘व्ही’ असलं तरी उच्चार ‘ब’; सेविया, फावोर असं इथे लिहिलं असलं तरी त्यांतला ‘व’ही ‘ब’कडेच झुकतो. आपले त, द, प, क तिथे जसेच्या तसे चालतात. फक्त इंग्रजीच्या सवयीनं ‘टेर्सियो’ म्हणू नका. खार्रातला ‘र्र’ रेटून म्हणा.

कान्यामधला ‘न्य’ नीट उमटला पाहिजे. ‘उना काना’ म्हणालात तर तुम्ही एक पांढरा केस मागितलात. आणि सेवियात शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळतात, म्हणून ‘दोस कान्यास’ हे ‘दो कान्या’ असं ऐकू येतं. तेव्हा बोटं दाखवायला लाजू नका.

प्रश्न : फेस फार आणि बियर कमी आली तर काय म्हणायचं? चवीबद्दल बोलायला शब्दही सांगा. (अलकापुरी)

आधी फेसाचा हिशेब समजून घ्या, कारण तो तिथे मुद्दाम ठेवतात. चांगली भरलेली कान्या म्हणजे ‘ब्येन तिरादा’. ग्लास गार पाण्यानं विसळायचा, साधारण ४५ अंशांत तिरका धरायचा, नळ पूर्ण उघडून बियर काचेवरून उतरू द्यायची, शेवटी ग्लास सरळ करून वर दोन बोटं फेस बसवायचा. या फेसाला एस्पूमा म्हणतात. तो हवेला बियरपर्यंत पोचू देत नाही, वास धरून ठेवतो, आणि भरताना थोडा गॅस निघून गेल्यानं पोट फुगत नाही. नळ अर्धवट उघडला, ग्लास कोमट असला किंवा पिंपातला दाब चुकला तर नुसता फेसच येतो. उलट ग्लासाला तेलकटपणा असेल तर फेस बसतच नाही आणि बुडबुडे काचेला चिकटून राहतात. ग्लास नीट धुतला नसल्याची ती खूण. दोन बोटांवर तक्रार करू नका. अर्धा ग्लास फेस असेल तर ‘तिएने मूचा एस्पूमा’ एवढं म्हणा, तो भरून देईल.

रंगानं बियर तीन प्रकारची : रूब्या म्हणजे पिवळी, तोस्तादा म्हणजे भाजक्या माल्टची तांबूस, नेग्रा म्हणजे काळी. गव्हाची असेल तर ‘दे त्रीगो’. आयपीए (इंडिया पेल एल) या प्रकाराची तीन अक्षरं ते जोडून ‘ईपा’ म्हणतात. सुटी अक्षरं म्हणत बसलात तर वेटर गोंधळेल. चवीसाठी आमार्गा म्हणजे कडू, स्वावे म्हणजे सौम्य, फ्वेर्ते म्हणजे कडक. ‘तिएने क्वेर्पो’ म्हणजे अंगानं भरीव. ‘साबे आ…’ म्हणजे अमक्याची चव लागते, ‘वेले आ…’ म्हणजे अमक्याचा वास येतो.

बिघडलेल्या बियरलाही शब्द आहेत. ‘साबे आ कार्तोन’, पुठ्ठ्यासारखी लागते : जुनी झाली आहे, हवा लागली आहे. ‘साबे आ मान्तेकीया’, लोण्यासारखी : आंबवणं पुरं झालेलं नाही किंवा नळाच्या नळ्या साफ केलेल्या नाहीत. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीला ऊन लागलं तर प्रकाशानं हॉप्समधले (बियरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधले) घटक बदलतात आणि उग्र वास सुटतो. बाटली तपकिरी करतात ती त्यासाठी. अशा वेळी ‘मे ला काम्ब्यास?’ म्हणा, बदलून देतोस का.

इथे एक खड्डा आहे, त्यात बहुतेक जण पडतात. ‘आहे’साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं आहेत. ‘बियर कडू असते’, म्हणजे तिचा स्वभाव : एस आमार्गा. ‘ही बियर गार आहे’, म्हणजे आत्ताची अवस्था : एस्ता फ्रीया. आपल्या ‘असते’ आणि ‘आहे’मधला फरक नेहमीच लागू पडत नाही, पण बारपुरता पुरतो. बियर चाखून ‘एस्ता ब्वेना’ किंवा ‘एस्ता रीका’ म्हणा, उत्तम. स्वतःची तब्येत ठणठणीत आहे हे सांगायला मात्र ‘एस्तोय ब्वेनो’ म्हणू नका. त्याचा अर्थ ‘मी दिसायला मादक आहे’ असा निघतो. आणि उकडतंय म्हणून ‘एस्तोय काल्येन्ते’ म्हणालात तर त्याहून पंचाईत. ‘तेंगो कालोर’ म्हणायचं, मला उकडतंय.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. बियरबरोबर काय मागवावं? (दांडिया बाजार)

‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढ्यावर विसंबू नका. कार्ने म्हणजे मांस खरं, पण खामोन म्हणजे डुकराचं मीठ लावून वाळवलेलं मांस, किंवा टूना मासा, हे अनेकांच्या लेखी त्यात येत नाहीत. पूर्ण वाक्य पाठ करा : ‘नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन’, म्हणजे मी मांस, मासे, खामोन काहीच खात नाही. अंडं नको असेल तर ‘नी वेवो’ जोडा.

सेवियात एस्पिनाकास कोन गार्बान्सोस हमखास मागवा. पालक, काबुली चणे, लसूण, तळलेला पाव वाटून लावलेली दाटी आणि त्यात चक्क जिरं. सेव-उसळीवर वाढलेल्या जिभेला ते परकं वाटणार नाही, फक्त तरी नाही. टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेल घुसळून केलेलं गार साल्मोरेखो छान, पण वर खामोन आणि उकडलेलं अंडं भुरभुरतात, म्हणून ‘सिन खामोन, सिन वेवो’. आसेतूनास म्हणजे ऑलिव्ह, पिमिएन्तोस दे पाद्रोन म्हणजे जाड मीठ घालून तळलेल्या छोट्या हिरव्या मिरच्या, क्वचितच एखादी तिखट. तोर्तीयात बटाट्याबरोबर अंडं असतं. मेक्सिकोची मक्याची तोर्तीया वेगळी.

ग्रानादात बियरबरोबर तापा, म्हणजे छोट्या ताटलीतला खाऊ, फुकट येतो आणि पुष्कळदा बार ठरवील तोच, म्हणून कान्या मागतानाच वरचं वाक्य म्हणा, ताटली आल्यावर नव्हे. सेवियात तापा सहसा वेगळा मागवायचा आणि वेगळा मोजायचा.

प्रश्न : मी पीत नाही. मंडळींबरोबर बसून काय मागू? (कारेलीबाग)

‘उना सिन’, म्हणजे ‘एक विना’. सिन आल्कोओलचं हे छोटं रूप. तिच्यात किंचित अल्कोहोल असू शकतं, अजिबात नको असेल तर ‘सेरो सेरो’ म्हणा. क्लारा मागू नका, ती निम्मी बियर आणि निम्मा लिंबाचा किंवा गोड सोडा असते. मोस्तोबाबत सावध. माद्रिदला तो द्राक्षांचा बिनअल्कोहोल रस, पण सेवियाच्या लगतच्या आल्खाराफे भागात हिवाळ्यात मोस्तो म्हणजे ताजी, नवी वाईन.

प्रश्न : गुजरातेत सराव कुठे करायचा? (सयाजीगंज)

शब्दांना परमिट लागत नाही. बियरच्या जागी चहा ठेवा : ‘मे पोनेस उन ते?’ ‘ते’ म्हणजे चहा, तो पुल्लिंगी, म्हणून ‘ओत्रो’. दोघांनी मिळून एकानं बारवाला व्हायचं आणि मुद्दाम चुकीचं माप द्यायचं. तक्रार करता येईपर्यंत सराव झाला असं समजू नये.

प्रश्न : बिल कसं मागायचं? आणि ‘इन्वीतो यो’ म्हणजे काय? (फतेहगंज)

‘मे कोब्रास?’ किंवा ‘ला क्वेन्ता, पोर फावोर’. काउंटरवर उभं राहून प्यायलात तर बहुधा स्वस्त, बाहेर तेरासावर महाग. दरपत्रकावर कधीकधी दोन्ही भाव छापलेले असतात. ‘इन्वीतो यो’ म्हणजे पैसे मी देतो. नुसतं ‘चल, प्यायला ये’ म्हणायचं म्हणून ‘ते इन्वीतो’ म्हणालात तर पाकीट तुम्हालाच काढावं लागेल. नुसतं बोलावायचं असेल तर ‘तोमामोस आल्गो?’, म्हणजे काही घेऊ या का. मोठा घोळका असेल तर सुरुवातीला सगळे सारखे पैसे एकत्र करतात, त्याला बोते म्हणतात, आपली काँट्री.

प्रश्न : हेच शब्द मेक्सिको किंवा कोलंबियात चालतील का? (गोत्री)

सेर्बेसा सगळीकडे चालेल, कान्या नाही. मेक्सिको आणि पेरूत चेला, अर्जेंटिनात बीर्रा, कोलंबियात पोला. मेक्सिकोत कावामा म्हणजे साधारण ९४० मि.ली.ची बाटली. तिथे मिचेलादा मागवलीत तर बियरमध्ये लिंबू, मीठ आणि बऱ्याच ठिकाणी तिखट सॉसही येतं. कोलंबियात ‘मे रेगाला उना सेर्बेसा?’ ऐकाल. शब्दशः ‘मला एक बियर भेट देता का’, पण पैसे द्यावेच लागतात. तिकडे नुसतं ‘नो तोमो’ म्हणजे मी दारू पीत नाही. चिलीत नळाची बियर हवी असेल तर शोप म्हणा, कारण तिथे कान्या म्हणजे रात्री जास्त झाल्यावर सकाळी दुखणारं डोकं.