गुरूंच्या अखेरच्या दिवसांत काय मागावे?

प्रश्न : ज्यांनी मला घडवले, ते माझे शिक्षक दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळले आहेत. भेटीला गेले की जन्मभर पुरेल असा काही उपदेश त्यांच्याकडे मागावा असे वाटते, पण धीर होत नाही. विचारावे का?

उत्तर : उपदेश मागू नये, असे मला मनापासून वाटते. या बाबतीत गोपाळ कृष्ण गोखले यांचे शेवटचे दिवस पाहण्यासारखे आहेत. ९ जानेवारी १९१५ रोजी गांधीजी मुंबईत उतरले, तेव्हा ज्यांना ते गुरू मानत ते गोखले आजाराने खचलेले होते. १९ फेब्रुवारीला, वयाच्या अवघ्या ४८व्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले. गांधीजींनी या दिवसांविषयी जे लिहून ठेवले आहे, त्यात कामाच्याच गोष्टी अधिक आहेत. वर्षभर देश पाहा आणि तोवर सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नका, असे वचन गोखल्यांनी त्यांच्याकडून घेतले. गोखल्यांनीच स्थापन केलेल्या भारत सेवक समाज या संस्थेच्या सभासदांना गांधीजींचे विचार पटत नव्हते. तरीही समाज तुम्हाला घेवो न घेवो, मी तुम्हाला सभासदच मानणार, असे गोखल्यांनी सांगितले आणि नियोजित आश्रमाच्या खर्चासाठी समाजाच्या वहीत गांधीजींच्या नावे खाते उघडायला लावले. खुद्द गोखल्यांनाही शिष्याचे सगळे विचार मान्य नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे या खात्याचे मोल कळते.

गांधीजींसाठी समाजाच्या आवारात खजूर, शेंगदाणे आणि फळे असा साधा उपाहार ठेवला होता. आपल्या खोलीपासून तेवढी चार पावले चालण्याचीही ताकद नसताना गोखले आले, तिथेच मूर्च्छित झाले आणि त्यांना उचलून न्यावे लागले. शुद्धीवर येताच त्यांनी निरोप धाडला, की कार्यक्रम चालू द्या. शिकायचे ते इथे आहे, आणि ते विचारून मिळणारे नव्हे.

तेव्हा पुढच्या भेटीत सरांना त्यांचे कोणते काम अर्धवट राहिले आहे ते विचारा, त्यातले झेपेल ते अंगावर घ्या, आणि जिथे तुमचे मत वेगळे असेल तिथे ते आदराने, पण आडपडदा न ठेवता सांगा. ते थकलेले असतील, तर नुसते जवळ बसा.