औरंगजेबाचा दरबार सोन्यात घडवणारा जर्मन सोनार डिंगलिंगर भारतात आला होता का?

नाही, योहान मेल्किओर डिंगलिंगर (1664-1731) भारतात कधीच आला नव्हता. तो जर्मनीतल्या बिबेराख गावचा, पुढे ड्रेस्डेनमध्ये सॅक्सनीचा शासक (इलेक्टर) आणि पोलंडचा राजा ऑगस्ट याचा दरबारी सोनार झाला. 1701 ते 1708 या काळात त्याने औरंगजेबाच्या दरबाराचा हा छोटेखानी देखावा घडवला, तो मुख्यतः बर्निए, तावर्निए अशा प्रवाशांची वर्णनं वाचून. प्रसंग बादशहाच्या वाढदिवसाचा: जेमतेम दीड मीटर रुंदीच्या चौथऱ्यावर नजराणे आणणारे सरदार, हत्ती, उंट, अशा शंभराहून जास्त बोटभर सोन्याच्या मूर्ती, वर मिनाकारी आणि हजारो हिरे. मिनाकारीत त्याचा भाऊ गेओर्ग फ्रीडरिख तरबेज होता, त्यामुळे हे एकट्याचं काम नव्हे. गंमत म्हणजे या वर्षांत खरा औरंगजेब इकडे दख्खनमध्ये मराठ्यांशी झुंजत होता आणि काम पुरं होण्याआधीच, 1707 मध्ये, अहमदनगरजवळ वारला.

फक्त याला मोगल दरबाराचा पुरावा मानू नका. त्यात चिनी, इजिप्शियन घाटाच्या वस्तूही बिनदिक्कत घुसल्या आहेत. मूळ कलाकृती ड्रेस्डेनच्या ग्रीन व्हॉल्ट या संग्रहालयात पाहायला मिळते.