आर्निका ओळखायची तर आधी पानं बघा

आर्निका म्हणजे पिवळ्या फुलांचं एक रानरोप. ती शोधायच्या पहिल्याच फेरीत फुलाच्या मागे लागलात, तिथेच फसलात. उत्तर अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात पिवळ्या फुलांना तोटा नाही! तिथल्या हार्टलीफ जातीच्या आर्निकाची पानं बघा: बदामाच्या आकाराची, खोडावर समोरासमोर, दोन ते चार जोड्या. एकाआड एक पानं दिसली की पुढे चला. जूनमध्ये लॉजपोल पाइनच्या विरळ सावलीत हमखास सापडेल.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- नुसत्या पानांचा गालिचा बघून ‘बहर संपला’ म्हणणं. आर्निका जमिनीखालच्या आडव्या खोडांनी पसरते. त्यातली बरीच रोपं फुलतच नाहीत.
- पान चघळून बघणं. पोटात गेली तर विषारी आहे. (होमिओपॅथीतल्या आर्निकाच्या गोळ्या तिच्या युरोपातल्या बहिणीच्या, म्हणजे दुसऱ्या जातीच्या.)

फोटोत खोड येऊ द्या, नुसतं फूल नको. रोप उपटू तर नकाच.