लाइट आली की प्रिंटर गायब

प्रश्न : गेवराई तालुक्यात माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. तीन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर आणि राउटर, एवढा पसारा. लाइट जाऊन आली की प्रिंट निघत नाही, 'प्रिंटर ऑफलाइन' दिसतं. दुरुस्तीवाला प्रिंटर काढून नव्याने टाकतो, दोनशे रुपये घेतो. चार दिवसांनी पुन्हा तेच. प्रिंटर बदलू का?
– एक वाचक, गेवराई

उत्तर : ताई, इतक्यात बदलू नका. तुमच्या वर्णनावरून प्रिंटर धड आहे, त्याचा पत्ता तेवढा बदलतोय.

राउटरला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला चार भागांचा आयपी पत्ता लागतो. तो राउटरच वाटतो, त्या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. बरेच साधे राउटर बंद पडले की कोणाला कोणता नंबर दिला होता ते विसरतात. लाइट आली की जो आधी मागेल त्याला आधी. काल प्रिंटर १९२.१६८.१.१०२ वर होता, आज तिथे डीव्हीआर बसला, आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहिला.

आधी खात्री करा. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कच्या माहितीचं पान छापून घ्या. मग कॉम्प्युटरवर प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये 'पोर्ट्स' उघडा. दोन्हीकडचे पत्ते वेगळे निघाले, तर दुखणं सापडलं. पानावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता असेल तर प्रिंटरला राउटरकडून काहीच मिळालेलं नाही. मग आधी केबल तपासा.

आता प्रिंटरला कायमचा पत्ता द्या. राउटरच्या सेटिंगच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं ते) डीएचसीपीमध्ये वाटपाची हद्द दिसेल, समजा पत्त्यातला शेवटचा आकडा १०० ते २००. प्रिंटरचा नंबर या हद्दीबाहेरचा हवा. प्रिंटरमध्ये 'मॅन्युअल' निवडून १९२.१६८.१.५०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे म्हणजे राउटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, असं भरा. डीव्हीआरला ५१ द्या. मग तिन्ही कॉम्प्युटरवर 'अ‍ॅड पोर्ट'मधून स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट घेऊन ५० चा पत्ता टाका. कॉम्प्युटर आणि मोबाइल आपोआपच्या वाटपावरच राहू द्या.

हद्दीबाहेरचा नंबर घ्या, हे मी कळकळीने सांगतो. अंबाजोगाईजवळच्या एका केंद्रात मीच प्रिंटरला १०५ दिला होता, आणि तिथल्या राउटरची हद्द १०० पासून होती. महिनाभर सुरळीत चाललं. पीक विम्याचे शेवटचे दिवस आले. रात्री प्रिंटर बंद होता, सकाळी राउटरने तोच १०५ कोणाच्या तरी मोबाइलला देऊन टाकला. एका पत्त्यावर दोघं. एखादी पावती निघायची, पुढची अडकायची. बाहेर पाऊस, पडवीत माणसं, सातबारा भिजू नये म्हणून कॅरीबॅगमध्ये गुंडाळून छातीशी धरलेला. दहापासून दोनपर्यंत ती माणसं उभी होती, आणि चूक माझी होती. आता कुठेही गेलो तरी प्रिंटरला हात लावायच्या आधी राउटरची हद्द बघतो.

दुसरी वाट म्हणजे राउटरमध्येच प्रिंटरच्या मॅक अ‍ॅड्रेसवर, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावर, नंबर राखून ठेवणं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो, तसंच. सगळा हिशेब एके ठिकाणी राहतो, म्हणून शहरातल्या ऑफिसात मी हेच करतो. पण आपल्याकडे वळवाच्या विजांनी राउटर जळतात, नवा राउटर येतो आणि राखलेल्या जागा जुन्याबरोबर जातात. तुम्ही पत्ता प्रिंटरमध्येच भरा.

राउटर बदलला तरी एक पाहावं लागेल. नव्याचा पत्ता १९२.१६८.०.१ असला, तर तुमचा ५० वाला प्रिंटर कोणालाच दिसणार नाही. म्हणून पत्ते कागदावर लिहून प्रिंटरच्या बाजूला चिकटवा, आणि राउटर बसवायला येणाऱ्याला तो कागद दाखवून सांगा, लॅनचा (म्हणजे राउटरचा स्वतःचा) पत्ता १९२.१६८.१.१ आणि वाटप १०० पासूनच ठेव.